मेटास्टॅसिसचा प्रयोग : शेपटीच्या शिरेतून, की मूळ गाठीपासून?

पेशीवेल्हाळ

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी कर्करोगावर पीएचडी करतेय. अभ्यास गाठीपेक्षा गाठीच्या शेजारपाजाऱ्यांचा. ट्यूमर म्हणजे नुसता बिघडलेल्या पेशींचा गोळा नसतो. त्यात फायब्रोब्लास्ट (कोलॅजन विणणाऱ्या आधारपेशी) असतात, मॅक्रोफेज आणि टी पेशी (दोन्ही प्रतिकारशक्तीच्या) असतात, वेड्यावाकड्या गळक्या रक्तवाहिन्या असतात, कोलॅजनचं जाळं असतं. स्वादुपिंडाच्या गाठीत तर बऱ्याचदा कॅन्सरच्या पेशी अल्पसंख्य आणि हा गोतावळाच जास्त. याला ट्यूमर मायक्रोएन्व्हायर्नमेंट म्हणतात. दर वेळी एवढं टंकायचा कंटाळा, म्हणून यापुढे टीएमई.

माझा विषय: फायब्रोब्लास्ट एकदा कॅन्सरच्या कह्यात गेले की असं काय सोडतात, ज्यामुळे स्तनाच्या गाठीतून निघालेल्या पेशी फुप्फुसात जाऊन रुजतात, म्हणजे मेटास्टॅसिस होतो? बशीतले प्रयोग उरकलेत. आता उंदीर. आणि इथेच गाइडशी वाजलंय.

गाइडचं म्हणणं, ४टी१ पेशी (उंदराच्या स्तनाच्या कॅन्सरच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या) शेपटीच्या शिरेतून सोड. दोन-तीन आठवड्यांत फुप्फुसात गाठी दिसतात, मोजता येतात, विषय संपला. माझं म्हणणं, त्या पेशींनी केलं काय? मूळ गाठीतून सुटल्या नाहीत, कोलॅजन फोडलं नाही, रक्तवाहिनीची भिंत ओलांडून आत शिरल्या नाहीत. लाखभर पेशी मी सुईने एका दमात आत ढकलल्या. शेपटीच्या शिरेतलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून थेट फुप्फुसात जातं, केशवाहिन्यांचं पहिलं जाळं तेच. तिथे त्या अडकणारच. आणि मूळ गाठच नाही म्हटल्यावर मी टीएमई कशाचं बघतेय?

दुसरा रस्ता म्हणजे पेशी उंदराच्या स्तनाच्या चरबीत टोचायच्या, गाठ वाढू द्यायची, मग शस्त्रक्रियेने ती काढून टाकायची आणि फुप्फुसात काय उगवतं याची वाट बघायची. एका फेरीला दीड-दोन महिने सहज. फेलोशिप संपत आलीय.

ज्यांनी असलं काम केलंय त्यांचं मत हवंय. ज्यांनी केलं नाही त्यांचंही चालेल, इथे तशी प्रथा आहेच.

वाचनखूण

जाणकारांच्या प्रतीक्षेत जागा धरून ठेवतोय.

शंकासुर

गाइड म्हणणार शेपूट, विद्यार्थिनी म्हणणार गाठ, आणि रिव्ह्यूअर क्रमांक दोन म्हणणार दोन्ही करा. त्यापेक्षा आधीच दोन्ही करा.

निवांतनाना

धागा आवडला. विज्ञानाचा आणि आपला संबंध दहावीला तुटला, तेव्हा बाळबोध प्रश्न विचारतो. रक्त तर अंगभर फिरतं. मग कॅन्सर पसरतो तो फुप्फुस, यकृत, हाडं, मेंदू इथेच का? हृदयात, स्नायूंत, प्लीहेत का नाही फारसा?

पेशीवेल्हाळ

नाना, हा प्रश्न बाळबोध नाही, अख्खं क्षेत्र यावर उभं आहे. १८८९ साली स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या. यकृतात गाठी सापडल्या २४१ जणींच्या, प्लीहेत फक्त १७ जणींच्या. प्लीहेला रक्त भरपूर मिळतं, म्हणजे पेशी पोचत नसतील असं म्हणता येत नाही. त्याचा निष्कर्ष असा की बी सगळीकडे पडतं, रुजतं मात्र मानवेल त्या मातीतच. आम्ही आजही बी आणि माती हेच शब्द वापरतो. टीएमई म्हणजे ती माती.

काडीसारू

अर्धीच गोष्ट सांगितलीत ताई. १९२८ मध्ये जेम्स युइंगने पॅजेटला उडवून लावलं होतं. माती वगैरे काही नाही, रक्त आधी जिथे जातं तिथे पेशी अडकतात, एवढंच. आणि पुढची कित्येक वर्षं त्याचंच चाललं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात का जातो? आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेने आधी यकृतातच जातं. सरळ नळकाम आहे.

स्लाइडबहाद्दर

काडीसारू, आतड्याच्या बाबतीत मान्य. आता डोळ्याच्या मेलॅनोमाचं नळकाम सांगा. डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या नाहीत. तिथून निघालेलं शिरेतलं रक्त हृदयात आणि हृदयातून आधी फुप्फुसात जातं. तुमच्या हिशेबाने सगळ्यांना फुप्फुसात गाठी यायला हव्यात. प्रत्यक्षात येतात यकृतात, तेही प्रचंड बहुसंख्येने, आणि कधी कधी डोळ्यावर उपचार होऊन वर्षानुवर्षं लोटल्यावर. मी पॅथॉलॉजीत आहे. यकृताच्या बायोप्सीत काळं रंगद्रव्य दिसलं की रुग्णाला 'डोळ्याचं कधी काही झालं होतं का' हे विचारायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं.

पॅजेटनेही श्रेय आपल्या आधीच्या फुक्सला दिलं होतं. आणि हा फुक्स नेत्रतज्ज्ञ होता!

काडीसारू

डोळ्याचं माहीत नव्हतं. काडी मागे घेतो, पण अर्धीच.

निवांतनाना

म्हणजे रक्तात पेशी आली की खेळ खलास असं नाही तर?

डॉ. टाकेघालू

अजिबात नाही नाना. माणसांतला पुरावा आहे. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये पोटात पाणी साचतं. पूर्वी काही रुग्णांत ते पाणी नळीने थेट गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत सोडत, पोटाला आराम पडावा म्हणून. त्या पाण्यात कॅन्सरच्या जिवंत पेशी असायच्या. म्हणजे लाखो पेशी रोज रक्तात. १९८४ मध्ये टॅरिन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा पाठपुरावा छापला. पेशींचा एवढा मारा होऊनही बऱ्याच जणींच्या फुप्फुसात किंवा इतरत्र नव्या गाठी झाल्या नव्हत्या.

बहुतेक पेशी रक्तातच मरतात. रक्ताचा रेटा, प्रतिकारशक्तीच्या नॅचरल किलर पेशी, आणि आधाराला काही नसणं. फिडलरने १९७० मध्ये उंदरांत किरणोत्सारी खूण लावलेल्या पेशी सोडून मोजलं होतं. शेवटी गाठ धरणाऱ्या पेशी ०.१ टक्क्याहूनही कमी.

जाता जाता, कोणीतरी विचारणारच म्हणून: 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या भीतीने बायोप्सी टाळू नका. सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचे प्रकार होतात, पण ते विरळा. निदान न होण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

गुळगुळीतदगड

आमच्या ग्रुपवर आलंय की ट्यूमर आम्लात वाढतो, म्हणून अल्कलाइन पाणी प्या. टीएमईवाल्या ताईंनी प्रकाश टाकावा.

पेशीवेल्हाळ

अर्धं खरं असलं की फॉरवर्ड जास्त पळतो. गाठीच्या आतलं वातावरण खरंच आम्लधर्मी असतं, पीएच ७ च्या खाली. पेशी ग्लुकोज भसाभसा वापरून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, आणि गळक्या रक्तवाहिन्यांना ते वाहून नेणं जमत नाही. या आम्लात टी पेशी मलूल पडतात. पण हे आम्ल गाठ स्वतः तयार करते, बाहेरून येत नाही. आणि प्यायलेल्या पाण्याने रक्ताचा पीएच हलत नाही. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो ७.३५ ते ७.४५ मध्ये घट्ट धरून ठेवतात. तो खरंच हलला तर माणूस अतिदक्षता विभागात असतो.

सांजवात

मी या विषयातली नाही. आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पुढचे सगळे उपचार झाले, आम्ही तो विषय मिटला असं समजून चाललो होतो. अनेक वर्षांनी पाठ दुखते म्हणून स्कॅन केला तर मणक्यात. डॉक्टर म्हणाले जुनाच आहे, नवीन नाही. इतकी वर्षं त्या पेशी होत्या कुठे? आणि आमचं काही करायचं राहून गेलं होतं का, हा दुसरा प्रश्न. तो जास्त छळतो.

स्लाइडबहाद्दर

सांजवात, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. तुम्ही सांगताय त्यावरून तरी नाही.

हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरची ही रीतच आहे. गाठ निघण्याआधीच काही मोजक्या पेशी निसटून अस्थिमज्जेत जाऊन बसलेल्या असतात. तिथे त्या विभागत नाहीत, नुसत्या पडून राहतात. विभागणाऱ्या पेशींवर चालणाऱ्या बहुतेक केमोला त्या सापडत नाहीत, स्कॅनमध्ये दिसण्याइतक्या त्या नसतातच. २०१७ मध्ये एक मोठं विश्लेषण आलं. पाच वर्षं हार्मोनची गोळी नीट घेतलेल्या स्त्रियांतसुद्धा आजार परतण्याचं प्रमाण पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत सावकाश वाढत राहिलेलं दिसलं. म्हणजे कुणाच्या हयगयीचा प्रश्न नाही.

पेशीवेल्हाळ

सांजवात, आईंची काळजी घ्या. स्लाइडबहाद्दरांच्या उत्तराला जोड देते. त्या पेशी जाग्या कशाने होतात यावरच आमच्यासारखे बरेच जण बसलेत. हाडाबाबत थोडं कळलंय. कॅन्सरची पेशी असे निरोप पाठवते की हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी चेकाळतात. हाड झिजलं की त्यात साठलेला टीजीएफ-बीटासारखा (वाढीचे निरोप देणाऱ्या प्रथिनांचा) माल बाहेर पडतो, तो कॅन्सरच्या पेशीला पोसतो, ती आणखी निरोप पाठवते. म्हणून हाडाच्या झिजेवरची बिस्फॉस्फोनेट औषधं इथे उपयोगी पडतात. २०१५ च्या एकत्रित विश्लेषणात, पाळी थांबलेल्या स्त्रियांत ती सुरुवातीच्या टप्प्यात दिली तर हाडात आजार परतण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. यात औषध कॅन्सरच्या पेशीऐवजी मुख्यतः हाडावर चालतं. आईंच्या उपचारात काय बसतं ते मात्र त्यांचे ऑन्कॉलॉजिस्टच सांगतील.

सांजवात

दोघांचेही आभार. पहिल्यांदाच कोणी नीट सांगितलं.

शंकासुर

भावना बाजूला ठेवून विचारतो, कारण माती माती ऐकून कान किटले. 'कॅन्सरने होणाऱ्या ९० टक्के मृत्यूंना मेटास्टॅसिस कारणीभूत' हे वाक्य तुमच्या लोकांच्या प्रत्येक पेपरच्या पहिल्या ओळीत असतं. नॉर्वेच्या मृत्यूनोंदींवरून २०१९ मध्ये कोणीतरी खरोखर मोजलं, तर घन गाठींच्या कॅन्सरमध्ये आकडा ६६.७ टक्के आला. आधीचा आकडा एकमेकांचं बघून लिहिलेला.

दुसरं, मातीवर औषधं किती आली? मॅट्रिक्स (पेशींभोवतीचं कोलॅजन वगैरेचं जाळं) कापणारी एन्झाइम्स अडवणारी औषधं नव्वदच्या दशकात माणसांत सपशेल आपटली. मग स्वादुपिंडाच्या गाठीभोवतीचा तटबंदीसारखा स्ट्रोमा (फायब्रोब्लास्ट आणि त्यांचं जाळं) पाडायचा, म्हणजे केमो आत शिरेल, असं ठरलं. २००९ मध्ये उंदरांत टाळ्या, २०१२ मध्ये माणसांतली चाचणी बंद.

पेशीवेल्हाळ

शंकासुर, दोन-तृतीयांशचं मान्य. माझ्या थिसिसच्या पहिल्या ओळीत ९० नाहीये, बघा हवं तर.

स्ट्रोमाची गोष्ट मात्र तुम्ही मध्येच सोडलीत. २०१४ मध्ये दोन गटांनी उंदरांच्या स्वादुपिंडातल्या गाठींचा स्ट्रोमा मुद्दाम कमी केला. गाठी जास्त आक्रमक झाल्या, उंदीर लवकर मेले. म्हणजे तिथले काही फायब्रोब्लास्ट गाठीला आवरूनही धरत होते. त्यामुळे आता 'फायब्रोब्लास्ट मारा' असं कोणी शहाणं म्हणत नाही. कुठला फायब्रोब्लास्ट काय करतो ते आधी बघावं लागतं. माझी पीएचडी याच घोळातून जन्माला आलीय.

औषधांचं म्हणाल तर २००४ मध्ये बेव्हासिझुमॅब आलं, रक्तवाहिन्या अडवणारं. कल्पना जुडा फोकमनने १९७१ मध्ये मांडलेली. २०११ मध्ये इपिलिमुमॅब, जे कॅन्सरच्या पेशीला हातच लावत नाही, टी पेशींवरचा ब्रेक सोडवतं. त्यामागच्या कामाला २०१८ चं नोबेल. टी पेशी टीएमईत मोडत नसतील तर सांगा.

शंकासुर

टी पेशी तुमच्यात घेतल्या तर जिंकणारच तुम्ही. बरं, एक गुण दिला.

काडीसारू

एवढ्या चर्चेत उंदराची बाजू कोणीच मांडली नाही, हे खेदाने नोंदवतो.

बशीपुराण

मी मांडतो, लॅबमध्ये उंदरांचंच काम करतो. ताईंच्या दुसऱ्या रस्त्यातली खरी अडचण वेळेची नाही. ४टी१ ची गाठ झपाट्याने वाढते, वरची त्वचा फाटून व्रण होतो. फुप्फुसातल्या गाठी नीट मोजण्याइतक्या व्हायच्या आत एथिक्स कमिटीच्या नियमाने उंदराला वेदनेतून सोडवावं, म्हणजे मारावं लागतं. म्हणून गाठ काढणं ही चैन नव्हे, त्यावाचून पर्याय नाही. ते हात बसायला वेळ लागतो. आधी कोणा सरावलेल्याबरोबर बसा. काठाला चिमूटभर गाठ राहिली तर तीच परत वाढते आणि फुप्फुसाचे आकडे वाचता येत नाहीत.

फुप्फुसातल्या पेशी मोजायला ४टी१ ची एक सोय आहे. या पेशी ६-थायोग्वानिन या पेशीमारक औषधाला दाद देत नाहीत. फुप्फुस एन्झाइमने सुटं करून त्या औषधात वाढवलं की उंदराच्या स्वतःच्या पेशी मरतात, ४टी१ च्या वसाहती तेवढ्या उरतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या गाठींचाही हिशेब लागतो.

ल्युसिफरेज हे प्रकाश देणारं प्रथिन घातलेल्या चमकणाऱ्या पेशी वापरणार असाल तर सावध. शाबूत प्रतिकारशक्तीच्या बाल्ब-सी उंदराला ते प्रथिन परकं वाटतं. गाठी कमी आल्या तर श्रेय तुमच्या जनुकाला द्यायचं की ल्युसिफरेजला, हा वाद अंगावर येतो.

आणि हो, मायकोप्लाझ्माची चाचणी करून मगच पेशी टोचा. एका लॅबमध्ये मी महिनोन्महिने केलेलं काम त्यापायी टोपलीत गेलेलं पाहिलंय.

गुळगुळीतदगड

मायकोप्लाझ्मा म्हणजे?

बशीपुराण

भिंत नसलेला बारका जिवाणू. कल्चर गढूळ करत नाही, पेशी मारत नाही, फक्त त्यांचं सगळं वागणं बदलतो.

आकडेमोड्या

संख्याशास्त्रवाला बोलतोय. नैसर्गिक मार्गाने फुप्फुसात गेलेल्या गाठींची संख्या उंदरागणिक वेडीवाकडी बदलते. एकात शून्य, शेजारच्यात ढीग. शेपटीच्या शिरेत हे विखुरणं बरंच कमी. म्हणून दुसऱ्या रस्त्याला उंदीर जास्त लागतील. किती ते आधी काढा, प्रयोगानंतर नाही. आणि कृपा करून फुप्फुसाच्या प्रत्येक छेदाला स्वतंत्र नमुना धरू नका. दहा छेद एका उंदराचे असले तरी नमुना एकच.

परदेशस्थ_पोस्टडॉक

उशिरा येतोय, पण मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं दिसत नाही.

धागालेखिकेला एकच विचारतो. तुमचे फायब्रोब्लास्ट कुठले, स्तनाच्या गाठीतले की फुप्फुसातले? निवड यावर ठरेल. गाठीतून सुटण्याबद्दल बोलायचं असेल तर शेपटीची शीर निरुपयोगी, गाइड काहीही म्हणोत. रुजण्याबद्दल बोलायचं असेल तर मात्र ती कमअस्सल नाही. मातीवाल्यांचा गाजलेला पुरावाच शिरेतून टोचलेल्या पेशींचा आहे. १९८० मध्ये हार्ट आणि फिडलरने उंदरांत फुप्फुसाचे, अंडाशयाचे आणि मूत्रपिंडाचे तुकडे कलम केले आणि मेलॅनोमाच्या पेशी शिरेतून सोडल्या. फुप्फुसाच्या आणि अंडाशयाच्या कलमांत गाठी आल्या, मूत्रपिंडाच्या नाहीत. युइंगच्या नळकामाने हे सुटत नाही.

तुमच्या आक्षेपातला खरा भाग वेगळाच आहे. मूळ गाठ आपल्या पेशी पोचायच्या आधीच फुप्फुस तयार करून ठेवते. २००५ मध्ये डेव्हिड लायडेन यांच्या गटाने दाखवलं की अस्थिमज्जेतून निघालेल्या काही पेशी आधी तिथे जाऊन बसतात, कॅन्सरच्या मागाहून येतात. कोऱ्या उंदराच्या शिरेत पेशी सोडल्या तर ही तयारी झालेलीच नसते. पण त्यावर उपाय आहे. त्याच गटाने गाठीच्या पेशी ज्यात वाढवल्या ते माध्यम उंदरांना टोचून फुप्फुस आधी तयार केलं होतं. तुम्ही एका गटाला असं माध्यम द्या, दुसऱ्याला कोरं, मग दोघांनाही शेपटीतून सारख्याच पेशी. फरक दिसला तर मोजक्या उंदरांवर गाठ काढण्याचा प्रयोग. फेलोशिपमध्ये एवढं बसायला हरकत नाही.

पेशीवेल्हाळ

फुप्फुसातले! आणि हा प्रश्न ना गाइडने विचारला, ना कमिटीने. माझ्या बशीतल्या प्रयोगांत फुप्फुसाच्या फायब्रोब्लास्टना गाठीचं माध्यम दिलं की पेरिओस्टिन वाढतं. फुप्फुसाच्या स्ट्रोमातलं हे प्रथिन उंदरांत गाठी रुजायला लागतं असं २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलंय, म्हणून त्यावर नजर होती. मग माध्यम देऊन शेपटीतून, हाच सरळ रस्ता झाला.

आकडेमोड्या

गट तीन करा. माध्यम गाठीच्या पेशींचं, माध्यम साध्या पेशींचं, आणि पेशी न वाढवलेलं कोरं. नाहीतर फरक माध्यमातल्या सीरमचा निघायचा.

बशीपुराण

आणि टोचायच्या आधी पेशी गाळून घ्या. गुठळ्या राहिल्या तर उंदीर सुई निघायच्या आत जातो.

काडीसारू

गाइडला काय सांगणार? त्यांचं खरं ठरलं ना शेवटी?

पेशीवेल्हाळ

सोमवारी भेटतेय. शेपूट त्यांची, माध्यम माझं, आणि गाठ काढण्याचा छोटा गट एथिक्सच्या अर्जात आत्ताच घालून ठेवते, म्हणजे नंतर वेगळी परवानगी नको. बशीपुराण, ६-थायोग्वानिनसाठी फुप्फुस सुटं करायची तुमची पद्धत व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

बशीपुराण

केलाय व्यनि. कोलॅजनेज एन्झाइम किती वेळ ठेवायचं ते आपल्या बाटलीवर आधी तपासून बघा, प्रत्येक लॉटचा जोर वेगळा असतो.

शंकासुर

निकाल इथेच टाका. नकारात्मक आले तरी.